सुरतेवर तिसरी स्वारी

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडून फोन आला की तीन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "तिकडे आमटीत साखर घालतात म्हणे?" दुसरा, "साड्यांचा बाजार तुझ्या घरापासून किती लांब?" आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, "महाराजांनी लुटली ती जागा पाहिलीस का रे?" पहिल्याला 'हो', दुसऱ्याला 'फार लांब' आणि तिसऱ्याला 'एकदा जायचंय' अशी उत्तरं देऊन मी इतकी वर्षं सुखात काढली. हजिऱ्याला नोकरी, अडाजणला भाड्याचा फ्लॅट आणि मधे कंपनीची बस, एवढीच माझी सुरत. आपलं शहर पाहुणे आल्याशिवाय बघायचं नाही, हा रिवाज सगळ्याच शहरांत पाळतात. मीही कसोशीने पाळत होतो.

मग साताऱ्याहून अण्णांचा फोन आला.

"जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय. शनिवार-रविवार मोकळा ठेव."

"या की. पण तेव्हा इथे पतंगांची गर्दी असते. त्यापेक्षा फेब्रुवारीत..."

"महाराज जानेवारीतच आले होते."

जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाशी तारखांवरून वाद घालण्यात अर्थ नसतो. पहिली स्वारी जानेवारी १६६४, दुसरी ऑक्टोबर १६७०, आणि तिसरी, म्हणजे आमच्या मातोश्री-पिताश्रींची, ठरलेल्या शनिवारी. पहिल्या दोन्ही वेळी सुरतेला तयारीला वेळ मिळाला नव्हता. मला चांगले पंधरा दिवस मिळाले. तरी निकाल तोच लागला.

सुरत स्टेशनवर गाडीतून आधी सामान उतरलं, मग आणखी सामान उतरलं आणि शेवटी आई-अण्णा उतरले. कंदी पेढे, शेंगदाण्याची चटणी, बाजरीचं पीठ आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन.

"आई, पाणी?"

"काकू म्हणाल्या, सुरतेचं पाणी पिऊ नका. प्लेग असतो."

"अगं, तो १९९४ साली आला होता!"

"मग? एकदा आला म्हणजे वाट माहीत झाली ना त्याला."

त्या प्लेगनंतर एस. आर. राव नावाच्या आयुक्तांनी हे शहर कसं झाडूनपुसून काढलं आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला नंबर कसा पटकावला, हे मी घरी पोचेपर्यंत अभिमानाने सांगत होतो, जणू रोज पहाटे झाडू घेऊन मीच बाहेर पडतो. आई रस्त्याच्या दोन्ही कडा तपासत होती. बराच वेळ काहीच सापडेना, तेव्हा म्हणाली, "स्वच्छ आहे बाई. पण कुणाच्या दारात रांगोळी दिसली नाही."

मी दोन्ही दिवसांचा कार्यक्रम तासागणिक आखून, छापून फ्रिजवर लावला होता. बायकोने तो एकदा वरपासून खालपर्यंत वाचला.

"यात चहा कुठाय?"

"मधेमधे घेऊ की."

"साडेअकरा ते बारा डच कब्रस्तान लिहिलंयस. साडेअकराला अण्णांचा दुसरा चहा असतो. तिथे कोण देणार आहे?"

त्या कागदात सुरतेच्या चार शतकांना जागा होती, फक्त चहाला नव्हती. त्यामुळे तो पहिल्या दिवशी सकाळी पावणेदहालाच निकालात निघाला.

न्याहारीला त्यांना लोचो खायला नेलं. वाफवलेल्या डाळीचा मऊसूत ऐवज, वर लोणी, बारीक शेव, कांदा, मसाला आणि हिरवी चटणी. सुरती माणूस यावर जीव टाकतो. आईने चमच्याने बशीत जरा उकरून पाहिलं आणि माझ्या कानाशी आली.

"ढोकळा बसला नाही वाटतं यांचा."

"आई, हा असाच असतो. खमण बिघडलं त्यातून हा निघाला म्हणतात."

"तेच म्हणतेय मी. आपल्याकडे बिघडला की घरच्यांनी गपचूप खायचा. हे लोक पाटी लावून विकतात!"

एवढं बोलून तिने दुसरी बशी मागवली. का बिघडला त्याचा नीट शोध घ्यायला हवा, असं म्हणाली. मी संधी साधून 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही इथली म्हण ऐकवली. जेवावं सुरतेत, मरावं काशीत. अण्णांनी बशीतल्या लोण्याकडे पाहिलं. "क्रम बरोबर आहे," ते म्हणाले.

रिक्षा मी ठरवणार होतो, पण अण्णा पुढे झाले. परगावी गेलं की हिंदीतून व्यवहार करायचा, ही त्यांची शिस्त आहे. "भाई, हमको वो किल्ले में जानेका है, जिधर इनायतखान छुपके बैठा था."

रिक्षावाल्याने त्यांच्या टोपीकडे पाहिलं. "बाबा, चौक बजार सांगा ना सरळ. मी नंदुरबारना शे."

अण्णांचा आनंद रिक्षात मावेना. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत लूमवर काम करणारं निम्मं खानदेश राहतं आणि इथल्या मतदारांचा मोठा भाग ज्या नवसारी मतदारसंघात येतो तिथले खासदार सी. आर. पाटील, हे कळल्यावर तर त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे सुरत आपण घेतलीच म्हणायची!"

"घेतली कसानी बाबा," रिक्षावाला आरशातून म्हणाला, "भाडानी खोली शे."

चौकात सगळीकडे पत्रे लावलेले, आत खोल खोदकाम. अण्णांनी पत्र्याच्या फटीतून डोकावून पाहिलं आणि हात जोडले. "वा! उत्खनन चाललंय. काही मिळालं का?"

"अण्णा, मेट्रो आहे ती."

सुरतेचा किल्ला म्हणजे कडेकपारीत चढायची वस्तू नव्हे. तो तापीच्या काठावर, सपाटीवर, चौकातच उभा आहे. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना वैतागून १५४० च्या दशकात खुदावंदखानाने तो बांधला. महापालिकेने अलीकडे त्याची छान डागडुजी करून आत संग्रहालय मांडलंय. प्रतापगड-अजिंक्यताऱ्यावर गुडघे झिजवलेल्या अण्णांनी तिकीट काढून, घामाचा एकही थेंब न गाळता आत पाऊल ठेवलं आणि निराश झाले. "चढ नाही? मग हा पडला नाही कसा?"

सुरक्षारक्षकाला त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "इनायतखान किधर छुपा था?"

"इनायतभाई? पार्किंगवाला?" तो म्हणाला. "आज तो आया नहीं."

इतक्यात एका शाळेची सहल आली. जानेवारी म्हणजे सहलींचा हंगाम. शेदीडशे पोरं एकाच वेळी चार दिशांना पळाली आणि सोबतच्या गुरुजींच्या शिट्ट्यांना कुणी भीक घालेना. निवृत्त माणसाच्या आत मास्तर किती वर्षं जिवंत राहतो, ते मला त्या दिवशी कळलं. अण्णा कमरेवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "लाइन!" गुजराती पोरं सरळ रांगेत. रक्षकही रांगेत. मीही.

मग अण्णांनी तासच सुरू केला. "बच्चों, इनायतखान यहाँ का सुभेदार. पाचसौ सिपाही का पगार उठाता था, लेकिन सिपाही थेच नहीं! पट पे पाचसौ, हजेरी में शून्य!" इथे सोबतच्या दोन गुरुजींनी उगाच इकडेतिकडे पाहिलं. "शिवाजी महाराज आये, बऱ्हाणपूर दरवाजे के बाहर बगीचे में तळ ठोका. तो इनायतखान क्या किया?"

एका चुणचुणीत पोराने हात वर केला. "दादा, पुलिस किधर थी?"

"शाब्बास! अंदर. येही किल्ले में. कडी लगाके! और इधर से तोफा मारी, वो अपनेच गाव के घरों पे गिरी!"

पोरं खिदळली. तासाला अण्णांच्या शाळेतही एवढा प्रतिसाद मिळाला नसेल. सहलीच्या गटफोटोत अण्णा मधोमध बसले आहेत. फोटो मी काढला. तोवर साडेबारा वाजले होते आणि माझ्या कागदावरचं डच कब्रस्तान, गोपी तलाव आणि कवी नर्मदाचं घर एकगठ्ठा रद्द झालं होतं. त्या कागदावरची सुरत तशीही कुणाला नको होती. अण्णांना १६६४ ची हवी होती आणि आईला होलसेल भावाची.

वाटेत महिधरपुऱ्याचा हिरेबाजार लागला. इथे दुकान असं नसतंच म्हटलं तरी चालेल. गल्लीत दुतर्फा स्कूटर उभ्या, त्यांच्या सीटवर पांढऱ्या कागदाची पुडी उलगडलेली, पुडीत साबुदाण्याहून लहान हिरे आणि त्यावर वाकलेला माणूस एका हातात चिमटा, डोळ्याला भिंग लावून उन्हात बघतोय. जगातले बहुतेक हिरे पैलू पाडायला याच शहरात येतात. लाखोंचा माल वाऱ्यावर आणि आजूबाजूला ढकलाढकली.

अण्णा गल्लीच्या मधोमध थांबले आणि भारावल्या आवाजात, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा पट्टीत म्हणाले, "एवढं उघड्यावर! आज महाराज असते तर काय लूट..."

"अण्णा, हळू!"

मराठीतला तो शेवटचा शब्द गुजरातीतही तसाच आहे. दोन्ही बाजूच्या स्कूटरवरल्या पुड्या फटाफट मिटल्या. आईने त्या शांततेत एका दलालाला विचारलं, "भैया, एक सुट्टा देते क्या?"

रिंग रोडची कापड मार्केटं रविवारी बंद, म्हणून ती मोहीम शनिवारीच उरकायची होती. 'उरकायची' हा माझा शब्द. एकावर एक मजले, मजल्यावर शेकडो गाळे, जिन्यात साड्यांचे गठ्ठे पाठीवर घेऊन धावणारे हमाल आणि आई. तिने पहिल्याच गाळ्यात एक मोरपंखी साडी उचलली. भाव ऐकून तिचा विश्वासच बसेना, साताऱ्यात तेवढ्यात फॉल-पिको होतो.

"हीच द्या."

"माताजी, सिंगल नहीं मिलेगा," गादीवरचा मारवाडी शेठ म्हणाला. "आठ का सेट है. डिझाइन एक, कलर आठ."

दुसऱ्या कुणी पाठ फिरवली असती. आईने मोबाइल काढला आणि साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. मोठी काकू, धाकटी काकू, दोन्ही आत्या, माझ्या सासूबाई, शेजारच्या वहिनी, सगळ्या चौकटी-चौकटींतून शेठच्या गादीवर येऊन बसल्या. साड्या आठ आणि आई-बायको धरून बायकाही आठ, म्हणजे हिशेब सरळ, असं मला वाटलं. पण मोरपंखी पाच जणींना हवी होती आणि आमसुली कुणालाच नको. धाकटी काकू म्हणाली, "मागच्या वेळी पण मलाच उरलेला रंग आला." हे 'मागच्या वेळी' १९९८ सालचं होतं. तोडगा म्हणून आईने दुसरा सेट घेतला. आता मोरपंखी दोन झाल्या, आमसुलीही दोन. शेठने आमच्यासाठी चहा मागवला. त्याचा अनुभव दांडगा असावा, त्याने सोबत जेवणाचीही चौकशी केली.

अण्णा तोवर गादीवर मांडी घालून शेठला १९०७ सालात घेऊन गेले होते. त्या वर्षी काँग्रेसचं अधिवेशन सुरतेला भरलं होतं. टिळक बोलायला व्यासपीठावर उभे राहिले, गोंधळ माजला आणि त्या गोंधळात गर्दीतून एक मराठी जोडा उडत आला. तो आधी सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला, मग उसळून फिरोजशहा मेहतांना. "एक जोडे में दो नेमस्त!" अण्णांनी हात उडवून फेक दाखवली. शेठ माना डोलावत होता. अण्णांचं लक्ष नाहीसं पाहून त्याच्या पोऱ्याने त्यांच्या कोल्हापुरी चपला उचलून गाळ्याबाहेर, जरा लांबच ठेवल्या.

रविवारी सकाळी, चहा पिऊनच, कतारगामच्या रस्त्यावरचं इंग्रजांचं कब्रस्तान गाठलं. इथली थडगी म्हणजे घुमट, खांब, सज्जे असलेले दुमजली महाल. सुरतेला आलेल्या प्रत्येक युरोपियनाने मोगलांची थडगी पाहून 'आपलंही असंच हवं' असं ठरवलेलं दिसतं. त्यातलं सगळ्यात भपकेबाज जॉर्ज ऑक्झेंडनचं. १६६४ मध्ये सारं शहर पळत असताना इंग्रजांच्या वखारीत पाय रोवून बसलेला तो हा प्रेसिडेंट. अण्णा त्याच्यासमोर जुना हिशेब राहिलेल्या भाऊबंदासारखे उभे राहिले.

"हाच तो."

"हो."

"कंपनीचा नोकरच ना?"

"हो."

"आणि नोकरीत असताना एवढं बांधलं? पेन्शन किती होतं यांना?"

मी सांगितलं की १६६९ मध्ये तो नोकरीत असतानाच वारला. पगार बेताचा असायचा, पण कंपनीच्या माणसांना स्वतःचा खासगी व्यापार करता येई. अण्णांनी सुस्कारा सोडला. शिकवण्या घ्यायला जिल्हा परिषदेने त्यांना कधी परवानगी दिली नव्हती. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं; पण वाटाड्याला माहिती पोटात ठेवता येत नाही. "आणि अण्णा, १६६८ ला मुंबई कंपनीकडे आली तेव्हा तिचा गव्हर्नरही हाच. पुढे १६८७ पर्यंत मुख्य कचेरी सुरतच होती."

"म्हणजे मुंबईचा कारभार सुरतेतून चालायचा?"

"वीसेक वर्षं."

अण्णांनी आजूबाजूला पाहिलं. थडग्यांखेरीज कुणी नव्हतं. "इथे बोललास ते ठीक. साताऱ्यात बोलू नकोस."

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे शेजारी आम्हाला डुमस रोडला घेऊन गेले. रविवारी संध्याकाळी सुरतेत घरी जेवणं हे आजारपणाचं लक्षण समजतात. सगळं शहर डबे, चटया आणि आजी-आजोबांसकट रस्त्यावर येतं आणि जिथे कडेला जागा दिसेल तिथे पंगत मांडतं. शेजारून मोटारी जातायत आणि माणसं निवांत खाकऱ्यावर चटणी लावतायत.

आईने हळूच विचारलं, "यांच्या सगळ्यांच्या घरी रंगकाम चाललंय का?"

पलीकडच्या चटईवर शेजाऱ्यांचा मित्र दिसला. दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्यांचा जाहीर उद्धार केला. अण्णा सोडवायला उठले. मी त्यांना खाली बसवलं. "भांडण नाही अण्णा, तब्येतीची चौकशी चाललीय. सुरतेत शिवी नसेल तर समजायचं, काहीतरी बिनसलंय."

शेजारीणभाभींनी पोंक काढला, ज्वारीचे कोवळे हिरवे दाणे, वर लिंबू-मिरीची शेव, बाजूला गरम पोंकवडे. अण्णांनी बोटांनी दाणे चोळून पाहिले. "हा तर आपला हुरडा! पण हुरडा खायचा तर शेतात बसून. हे काय, फूटपाथवर?"

"काका," शेजारी म्हणाले, "खेतर तो बिल्डर लई गया."

मग व्हायचं तेच झालं. पोट भरल्यावर अण्णांनी १६६४ काढलं. वीरजी व्होराचा वाडा, चार दिवसांची लूट, घोड्यांवर लादलेल्या थैल्या. आजूबाजूच्या दोन चटयाही सरकून आल्या. कुणाच्या भावना दुखावतात की काय म्हणून मी पोंकवड्याकडे बघत बसलो होतो. पण शेजारी कापडाच्या दलालीत मुरलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"काका, टोटल केटलानुं?"

"कोटीच्या वर म्हणतात. तेव्हाचा कोटी!"

शेजाऱ्यांनी मोबाइल काढला. "साल थया त्रणसो साठ. उपरना छोडी दीधा, संबंध छे. व्याज बार टका." बोटं चालली. चक्रवाढीने आलेली रक्कम पडद्यावर मावेना, तेव्हा त्यांनी मोबाइल आडवा केला. तरीही मावली नाही.

अण्णा सावरून बसले. "चक्रवाढ नाही चालणार! सरळव्याज लावा. मुद्दल गुणिले दर गुणिले काळ, भागिले शंभर." आणि तोंडीच सोडवून मोकळे झाले. "व्याज त्रेचाळीस कोटी वीस लाख. मुद्दल धरून चव्वेचाळीस वीस."

"चालशे," शेजारी म्हणाले. "क्यारे आपशो?"

"थांबा, वजावट आहे. पुढच्याच वर्षी पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना दिले. ते तुमच्याच बादशहाकडे गेले."

"ए दिल्लीनी पार्टी, काका. एनुं खातुं अलग."

"आणि लुटीच्याच साली सिंधुदुर्ग बांधायला काढला, त्याचा खर्च?"

"ए तो तमारी प्रॉपर्टी थई."

अण्णा चाळिशी पुसायला लागले. सरळव्याजापर्यंत त्यांचा गड शाबूत होता, पण ताळेबंदात सुरती माणसाशी गाठ म्हणजे कठीण. तेवढ्यात आई म्हणाली, "अहो, काल मी रिंग रोडला भरले ते वजा करायला सांगा की."

शेजाऱ्यांनी आकडा विचारला, ऐकून आदराने आईकडे पाहिलं आणि वहीत मांडावं तसं हवेत बोट फिरवलं. "एटले पहेलो हप्तो आवी गयो!"

"मग पावती द्या," अण्णा म्हणाले. सरकारी नोकरीतला माणूस पावतीशिवाय पैसा गेला असं मानतच नाही.

"पाक्कुं बिल जोईए, काका, तो जीएसटी लागशे."

अण्णांनी क्षणभर विचार केला. "असू दे. कच्च्यातच राहू दे," ते म्हणाले आणि पोंकवड्यांची ताटली आपल्याकडे ओढली.